तिथीची पाऊणपट

गेली एकवीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. या काळात समुद्रावरच्या कविता मी इतक्या वेळा शिकवल्या, की ‘अथांग’ हा शब्द उच्चारताना माझा उजवा हात आपोआप खिडकीकडे जातो. खिडकीबाहेर पुण्याची सायकलींची शेड आहे, ही गोष्ट निराळी. मात्र समुद्राला भरती किती वाजता येते, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले असते, तर मी त्याला निमूटपणे भूगोलाच्या प्राध्यापकांकडे पाठवून दिले असते.

वास्तविक माझे आजोळ देवबागचे. मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीच्या पुढे गेले की जमीन हळूहळू निमुळती होत जाते. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मधे माडांची एक चिंचोळी पट्टी, तेच देवबाग. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. समोर भोगव्याचा डोंगर दिसतो. मुखाशी वाळूचे एक बेट वर आलेले आहे. २००४ च्या सुनामीनंतर ते वर आले असे म्हणतात, म्हणून त्याचे नाव सुनामी बेट. हल्ली तिथे पर्यटकांना होड्यांतून नेतात. माझे मामा मुंबईच्या गोदीत तीस वर्षे नोकरी करून इथे परत आले, आणि तेव्हापासून दर गणपतीत न चुकता विचारीत, “प्रोफेसर, गरवूक कधी येतंस?” गरवणे म्हणजे गरी टाकून मासे पकडणे. मी दर वर्षी उत्तरपत्रिकांचे कारण सांगत असे.

या दिवाळीत मात्र मी गेलो. त्याचे कारण काही माशांची आवड नव्हे. मे महिन्यात बारावीचा निकाल लागला आणि आमचे चिरंजीव रसायनशास्त्रात नापास झाले. पावसाळ्यातल्या पुरवणी परीक्षेतही थोडक्यात राहिले. पहिल्या निकालाच्या दिवशी मी त्याला म्हणालो होतो, “तुझ्या जागी दुसरा कोणी असता, तर निदान लाजला तरी असता.” वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. त्यावर तो काहीच बोलला नाही, आणि त्यानंतरही बोलला नाही. ‘जेवायला या’, ‘दूधवाल्याचे पैसे’, ‘किल्ली शेजारी ठेवली आहे’ एवढ्यावर आम्हा बापलेकांचा व्यवहार पाच महिने चालला होता. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनीच मामांना फोन केला आणि आम्हा दोघांना एस. टी. त बसवून दिले. स्वतः मात्र आल्या नाहीत. भाऊबीज सोडून कोण येणार, असे त्या म्हणाल्या; पण ते खरे कारण नव्हते, हे मला ठाऊक आहे.

भाऊबीजेच्या रात्री आम्ही देवबागला पोहोचलो. मामांनी चहाआधी माझी परीक्षाच घेतली. “उद्या तिथी कोणती?”

“तृतीया.”

“मगे भरती कधी?”

मी खिशातून मोबाइल काढू लागलो. त्यावर भरतीचे वेळापत्रक मिळते, हे मला नुकतेच कळले होते. मामांनी हातानेच तो परत ठेवायला लावला. म्हणाले, “तिथीची पाऊणपट कर.”

वाचकहो, हा हिशेब एवढा सोपा आहे की तो मला शेचाळीस वर्षे कोणी सांगितला नाही याचे वैषम्य वाटते. तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. येईल त्या वाजता पूर्ण भरती. तृतीयेला तीन त्रिक नऊ, भागिले चार, म्हणजे सव्वादोन. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. दिवसा एकदा आणि रात्री एकदा, अशा दोन भरत्या, आणि प्रत्येक भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा माथ्यावर येतो आणि पाणी त्याच्या मागे चालते, म्हणून हा पाऊणपटीचा आकडा. जागेप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण डबा बांधायला तेवढे पुरे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी चढतेही फार आणि उतरतेही फार. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याला जोर कमी. नवशिक्याने भांगातच शिकावे, असे मामांचे मत. आम्ही मात्र उधाण नुकतेच ओसरत असताना येऊन धडकलो होतो.

दुसऱ्या दिवशी बारा वाजताच मामा आम्हाला खाडीच्या अंगाला घेऊन गेले. चढत्या पाण्याचे शेवटचे दोन तास हे गरवण्याचे खरे तास. पाणी वाळूवर चढू लागले की वाळूतले किडे, लहान कोळंब्या, मुळे यांच्या मागे मासे काठाकडे सरकतात. तेच तास पहाटेला किंवा तिन्हीसांजेला आले, तर सोन्याहून पिवळे.

सामान पाहून माझी थोडी निराशाच झाली. मनात एक चकचकीत काठी आणि कुरकुरणारे रीळ होते. मामांनी प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली तंगुसाची दोरी हातात दिली. पाच-सहा किलो वजन पेलेल इतपत जाड. तिच्यात मधोमध भोक पाडलेला शिशाचा गोळा ओवलेला, त्याखाली एक लहानशी पितळी फिरकी, फिरकीच्या खाली हातभर बारीक दोरी आणि शेवटी करंगळीच्या नखाएवढी गरी. गोळा दोरीवर मोकळा सरकायला हवा. नाहीतर माशाने आमिष तोंडात घेताच त्याला वजन लागते आणि तो ते थुंकतो. गरी मोठी घेतली म्हणजे मासा मोठा लागतो, हा भ्रम. काठाकडच्या माशांची तोंडे लहान असतात, आणि लहान गरीवर मोठा मासाही येतो. मोठ्या गरीवर मात्र लहान मासा फक्त जेवून जातो.

मग गाठ. दोरी गरीच्या डोळ्यातून घालायची, तिच्याच अंगावर पाच-सहा वेढे द्यायचे, टोक पहिल्या फटीतून परत आणायचे, आणि आवळण्यापूर्वी गाठ जिभेवर ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाने दोरी तिथेच कमजोर होते आणि चांगला मासा लागला की नेमकी तिथेच तुटते. मी हे वहीत लिहून घेतले. गरी, तंगूस, पाग, सुकती, उधाण, भांग असे शब्दही मी लिहून घेत होतो, त्यांच्या व्युत्पत्तीविषयी समासात प्रश्नचिन्हे करीत होतो. चिरंजीव काहीच लिहीत नव्हता. तो मामांच्या बोटांकडे पाहत होता आणि मधूनमधून काहीतरी विचारीत होता. मला काही विचारले नाही, ही जाणीव मला वही लिहितानाही होत होती.

आमिष कोळंबीचे. साल काढून, बोटाच्या पेराएवढा तुकडा, गरीचे टोक किंचित बाहेर ठेवून. मी मोठ्या उदारपणे अख्खी कोळंबी लावली. मामा म्हणाले, “पंगत वाढतंस काय?”

फेकायची रीत अशी: दोरी पायाशी वाळूवर मोकळी वेटोळी करून ठेवायची, वेटोळ्यात पाय नको, मागे कोणी उभे नाही ना हे पाहायचे, गोळा हातभर दोरीवर बाजूला एकदोनदा फिरवायचा आणि सोडून द्यायचा. पहिल्या फेकीत माझा गोळा मागच्या केवड्यात गेला. दुसऱ्या फेकीत तो पाण्यात पडला आणि गरी माझ्या लेंग्यात राहिली. तिसरी मात्र अशी गेली की मी स्वतःवरच खूश झालो. चांगली चाळीस पावले. मामांनी कपाळाला हात लावला. “इतक्या लांब कोणाक मारतंस? मासो हंयसर आसा, पायाकडे.”

नवशिक्याची ही पहिली चूक, असे मामा म्हणाले. पाण्याच्या मधोमध काही नसते. मासा उताराच्या कडेला असतो, जिथे उथळ वाळू संपून खोल पाणी सुरू होते तिथे. ही कड ओळखायची कशी? पाण्याचा रंग बदलतो. गढूळ हिरवट आणि निळसर यांच्यामध्ये एक फेसाची रेघ असते, तिच्यात माडाची सालपटे, पाने, बुडबुडे अडकलेले असतात. तीच दोन पाण्यांची शीव. नदीचे गोडे पाणी हलके, ते वर राहते. समुद्राचे खारे पाणी जड, ते खालून घुसते. भरती लागण्याच्या सुमारास एक गंमत दिसते: वर तरंगणारे पान अजून समुद्राकडे चाललेले असते, आणि खाली तुमची दोरी मात्र नदीच्या वरच्या अंगाला ओढली जाते. चिरंजीवाने हे पान टाकून स्वतः करून पाहिले. तीनदा.

तेव्हा त्याने मामांना विचारले, “आणि पाण्याने माणसाला ओढले तर?” मामा म्हणाले, “तेच्यावांगडा जा, तेच्याशी भांडू नको. आडवो हो, काठ धरीत धरीत बाहेर ये.” मी त्या वेळी ‘वांगडा’ या शब्दावर टिपण करीत होतो.

त्या दिवशी मामांना चार मुडदुशी मिळाल्या, चिरंजीवाला एक खेकडा, आणि मला एक केंड. केंड म्हणजे पोटात हवा किंवा पाणी भरून चेंडूसारखा फुगणारा मासा. तो विषारी असतो, खायचा नसतो. मामांनी तो गरीतून सोडवून पाण्यात परत टाकला. शिंगाळा लागला तर त्याला हाताने धरायचे नाही, पाठीवर आणि दोन्ही बाजूंना त्याचे काटे असतात आणि ते विषारी असतात. वाळूत पाकट बसलेले असते, म्हणून पाण्यात चालताना पावले उचलून टाकायची नाहीत, वाळूवर घासत न्यायची, म्हणजे ते आधीच निघून जाते. हे सर्व माझ्या वहीत क्रमवार आहे.

चतुर्थीला भरती तीनला. दुपारी जेवण अंमळ जास्त झाले आणि मी झोपलो. उठलो तेव्हा साडेपाच वाजले होते. मामा मालवणला गेले होते. मला वाटले, आपण एकट्याने जावे, एखादा मासा घेऊन यावे, आणि संध्याकाळी काही न बोलता तो स्वयंपाकघराच्या पायरीवर ठेवावा. कोणासाठी, हे आता सांगायला नको. चिरंजीव आधीच खाडीवर मामांची बांबूची काठी घेऊन बसला होता. मी त्याच्यापासून दीडशे पावले पुढे, थेट टोकाकडे गेलो.

साडेपाच म्हणजे भरतीनंतर अडीच तास. पहिला तासभर पाणी सावकाश उतरते; तिसऱ्या-चौथ्या तासाला सगळ्यात जोरात. मुखाशी सगळी खाडी एका अरुंद दारातून बाहेर पडत असते. हा हिशेब मला आदल्या दिवशीच सांगितलेला होता आणि वहीतही होता. वही घरी होती.

दुसऱ्याच फेकीत गरी कशात तरी अडकली. पन्नास पैशांची गरी, पण ती सोडवायला मी गुडघाभर पाण्यात गेलो. दोन पावले पुढे गेलो. तेव्हा पायाखालची वाळू हलली. हलली म्हणण्यापेक्षा ती होती तिथे राहिलीच नाही. उताराची कड म्हणून मामांनी जी दाखवली होती तिच्यावरच मी उभा होतो. छातीपर्यंत पाणी आले, आणि पुढच्या क्षणी पाय सुटले. पुण्याच्या तलावात मी पोहायला शिकलेलो आहे, त्यामुळे मी काठाकडे तोंड करून जोरजोरात हात मारू लागलो. काठ जागच्या जागीच राहिला. मग तो मागे जाऊ लागला. चष्मा गेला. तोंडात पाणी गेले. त्या क्षणी मनात काही थोर विचार आले असतील असे वाचकांना वाटत असेल, तर सांगतो: मला आठवले ते एवढेच, की पाचवीचे पेपर तपासून झाल्यावर मार्कांची यादी मी कपाटावर ठेवली आहे आणि ती कोणाला सापडणार नाही. पाचवीला मी कधीही शिकवलेले नाही.

“बाबा! दोरी सोडा!”

दोरी अजून मनगटाला गुंडाळलेली होती. सोडली.

“उलटे पोहू नका! पाण्याबरोबर या! आडवे व्हा!”

चष्म्याशिवाय मला काठावर एक पुसट आकृती धावताना दिसत होती. गेल्या पाच महिन्यांत त्याने मला उद्देशून एवढी वाक्ये एकदम उच्चारली नव्हती. मी त्याचे ऐकले. आडवा झालो. पाण्याने मला तीस-चाळीस पावले नेले. टोकाच्या आधी किनारा जिथे किंचित आत वळतो तिथे प्रवाह मंदावतो, आणि तिथे तो वाळूवर पालथा पडून मामांची काठी पुढे धरून होता. काठी हाताला लागली. मग वाळू पायाला लागली.

आम्ही बराच वेळ बसून राहिलो. त्याचे दात वाजत होते, माझे वाजत नव्हते. बाकी तो कोरडा होता. शेवटी तो म्हणाला, “आजोबांना सांगू नका. परत येऊ देणार नाहीत.”

रात्री पानावर मामांनी विचारले, “चष्मो खय?”

मी घास घोळवीत राहिलो. चिरंजीव म्हणाला, “वाऱ्याने उडाला, आजोबा.”

“वाऱ्यान? चष्मो?” मामांनी माझ्या ओल्या केसांकडे पाहिले, मग मुलाच्या वाळूने खरचटलेल्या कोपरांकडे पाहिले, आणि सोलकढीचे भांडे पुढे सरकवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दोन वेळा, अगदी सहज, सांगितले की त्यांच्या लहानपणापासून त्या टोकाने कोणाकोणाला नेले. नावे घेतली नाहीत, घरे दाखवली. वाडीच्या समुद्राकडच्या अंगाला त्यांच्या वडिलांनी लावलेल्या माडांची एक संपूर्ण ओळ होती, तीही दाखवली. म्हणजे ती होती तिथले पाणी दाखवले. आता दगडांचा बंधारा घातलेला आहे. “हंय जमीन पाण्याची,” मामा म्हणाले, “आमका ती वापराक दिल्यानी.”

चष्म्यावाचून मला आता गरीचा डोळा दिसेना. मालवणात लगेच नवा मिळण्यासारखा नंबर माझा नाही. त्यामुळे उरलेले सर्व दिवस माझ्या गाठी चिरंजीवाने बांधल्या. दोरी ओवायची, सहा वेढे, टोक परत, गाठ जिभेवर ओली करून आवळायची आणि न बोलता माझ्या हातात द्यायची. पंचमीला दोन, षष्ठीला तीन. खेकडे फार होते. लहानपणी त्याच्या बुटांच्या नाड्या मी बांधीत असे, पण तेव्हा मी एवढा गप्प नक्कीच राहत नसे.

अष्टमीला भरती सहाला. आम्ही चार वाजता काळोखातच निघालो. मामा मुद्दाम मागे राहिले, गुडघा दुखतो म्हणाले. भांगाचे पाणी, तळ्यासारखे. समुद्राचा आवाज पाठीमागून येत होता आणि समोर खाडी अगदी शांत. दोरी तर्जनीवर घेऊन बसायचे असते. मुडदुशी लागली की बोटावर टक टक असे दोन बारीक ठोके येतात. खेकडा असेल तर दोरी सावकाश जड होते. शिंगाळा सरळ ओढू लागतो. हे ओळखायला डोळे लागत नाहीत, ही त्या दिवसांतली माझ्यापुरती सोय.

काळोखात तोंडे दिसत नव्हती, म्हणून मी धीर केला. म्हणालो, “मे महिन्यात मी तुला जे बोललो, ते मला—”

“बाबा, थांबा. बोट बघा तुमचं.”

टक टक. मी झटका देणार होतो. “झटका नको. नुसतं उचला. सावकाश ओढा.” मी ओढले. बोटाएवढे काहीतरी चांदीसारखे वाळूवर उडू लागले. त्याने ते ओल्या हाताने धरले, गरी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवले. मुडदुशी. वीतभरही नव्हती.

“लहान आहे,” मी म्हणालो. “सोडायची का?”

“तुमची पहिली आहे. तुम्ही ठरवा.”

मी ती सोडली. पाण्यात ती कुठे गेली ते मला दिसले नाही, त्याने सांगितले. मग त्याने आमिष लावले आणि दोरी मला दिली. माझे मघाचे वाक्य अर्धेच राहिले होते, आणि ते पुरे करण्यासाठी मी योग्य शब्द शोधीत होतो. तेवढ्यात तोच म्हणाला, “त्या दिवशी मी लाजलो होतो. तुम्हाला दिसलं नाही.”

उजाडेपर्यंत आम्हाला मिळून नऊ मिळाल्या, त्यांतल्या सात त्याच्या. सहा वाजता पाणी थांबले. ती पंधरावीस मिनिटे काहीच हलत नाही; फेसही जागच्या जागी असतो. मग पान हळूच समुद्राकडे वळते. आम्ही दोऱ्या गुंडाळल्या. घरी मामींनी तांदळाचे पीठ लावून त्या तळल्या. माझ्या पानात कोणत्या दोन वाढल्या, ते मी विचारले नाही.

पुण्याला आल्यावर नवा चष्मा केला. चार दिवसांनी स्वयंपाकघरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेत काही शोधताना दिसले, की प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडे मांडलेले आहेत: दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार. फेब्रुवारीत रसायनशास्त्राच्या पेपराभोवती गोल केलेला होता आणि त्या दिवसाचाही आकडा लिहिलेला होता. सौभाग्यवतींनी विचारले, ही कसली औषधे चालू आहेत?

आतल्या खोलीतून आवाज आला, “बाबा, एकादशीला किती?”

“सव्वाआठ,” मी म्हणालो.